उतारा कोणाचा?



निफाडकडच्या ऊसकऱ्याला उतारा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली की उतारा १०.२५. पण त्या उसात मुळात १२ किलो साखर असेल, तर पावणेदोन किलो चिपाडात आणि मळीत गेली. असलेल्यापैकी किती काढली, हे प्रमाण म्हणजे कार्यक्षमता; येथे ती सुमारे ८५ टक्के.

परदेशांत घरी बिअर करणारे हौशी लोक हाच हिशेब मांडतात. आपल्याकडे १९४९ च्या कायद्यामुळे परवान्यावाचून ते करता येत नाही. हिशेब शिकायला मात्र बंदी नाही. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात ठेवली, की पिठाची साखर होते. कृतीत पाच किलो बार्ली ७५ टक्के कार्यक्षमता धरून सांगितली असेल, तर ज्याच्याकडे ६० टक्केच निघते त्याने सव्वासहा किलो घ्यावी. वरून घालायची साखर मात्र वाढवू नये. ती सगळीच विरघळते.

तेव्हा हा आकडा भरडण्याचा, भांड्याचा आणि चोथा धुण्याचा असतो. कामगारांत आम्ही हेच सांगत आलो. दुसऱ्या कारखान्याचा आकडा पुढे करून कोणी "तुम्ही कमी पडता" म्हणाला, तर विचारा : माल तोच होता काय? यंत्र तेच होते काय? आणि आपल्या हातून काय सांडते, तेही आपणच मोजा. मोजलेले असले म्हणजे वाटाघाटीत मान खाली घालावी लागत नाही.