धसका आणि डोळ्यांची चाल

६ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान ११ रुग्ण दगावले. आग विझते, पण अशा प्रसंगातून वाचलेल्या एखाद्याला पुढे कित्येक महिने चुलीचा धूर दिसला तरी दरदरून घाम फुटतो. आपण म्हणतो, "धसका घेतलाय, अंगारा लावा." धसका हा शब्द मोठा नेमका आहे. अंगाऱ्याचे मात्र मला पटत नाही.

फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ साली एक उपचार सुचला. त्याला ईएमडीआर म्हणतात. रुग्णाने तो प्रसंग मनात आणायचा आणि त्याच वेळी उपचारकाच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांवर नजर ठेवायची. मधूनमधून थांबून काय वाटले ते सांगायचे. मन दोन कामांत वाटले गेल्याने आठवणीची धार बोथट होते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. प्रसंग विसरत नाही हो. तो आत्ताच घडतो आहे असे वाटणे थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या उपचाराची शिफारस केली. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत मुलांसाठीही तो वापरला गेला.

गुरुजी, उसात बिबट्या पाहिल्यापासून एखादे पोर वर्गात गप्प बसत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. पण स्वतः बोटे फिरवायलाही जाऊ नका. अर्धवट उकरलेली आठवण अधिक बोचते. हे शिकलेल्या माणसाचेच काम. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात पालकांना घेऊन जा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.