युद्ध नको म्हणणारी माणसं कशी जमवायची?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या मंडळाने आज इथे बोलावे, असा समितीचा आग्रह होता. आम्ही काही वक्ते नाही. दरवर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन पाळणारे, चार फलक घेऊन विहारापासून चौकापर्यंत चालणारे आम्ही दहा-बाराजण. "हे कशाला करता, आणि त्याने काय होतं?" असे वस्तीत पुष्कळांनी विचारले आहे. त्यातले जमेल तेवढे सांगतो.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' आपल्या घराघरांत आहे. सिद्धार्थाने घर का सोडले याचे बाबासाहेबांनी दिलेले कारण आपल्याला पाठ आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला की दोन्हीकडची दोन-दोन माणसे घ्या, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि पंचांनी निवाडा करावा. मते पडली, त्यात तो हरला. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे असा ठराव आला, त्यालाही त्याने नकार दिला, आणि त्यातून परिव्रज्या आली.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा भाग मात्र आपल्याकडे फार कमी वाचला जातो. सिद्धार्थ राजगृहाला असताना पाच परिव्राजक येऊन त्याला बातमी देतात. तो गेल्यावर कपिलवस्तूत पुरुष, बायका, मुलं-मुली रस्त्यावर उतरली. फलक घेऊन त्यांनी मिरवणुका काढल्या, कोलीयांना आपले भाऊ म्हटले. संघाला पुन्हा बसावे लागले. या वेळी बहुमत तडजोडीकडे गेले. दोन्हीकडून पाच-पाच दूत नेमले गेले आणि रोहिणीच्या पाण्याच्या प्रत्येक तंट्यासाठी कायमचे लवाद मंडळ झाले. म्हणजे भर सभेत एकटा सिद्धार्थ हरला, आणि जे त्याला जमले नाही ते गल्लीतल्या माणसांनी करून दाखवले. १९२७ साली चवदार तळ्यावर गेलेल्या बाबासाहेबांना पाण्याचा तंटा काय असतो आणि माणसं कशी उभी करावी लागतात, हे कुणी शिकवायला नको होते.

आता ११ मे १९९८ आठवा. वैशाख पौर्णिमा होती. वस्तीत खीरदान चालले होते आणि त्याच दुपारी पोखरणला अणुस्फोट झाले. १३ मेला पुन्हा झाले. २८ आणि ३० मेला पाकिस्तानने केले. १८ मे १९७४ च्या पहिल्या स्फोटाला तर हसऱ्या बुद्धाचे सांकेतिक नाव दिले होते! तथागतांच्या नावाचा असा वापर झाला, त्यावर आपण किती बोललो? त्याच वर्षी १ जुलैला आपला नंदुरबार जिल्हा झाला, आपण त्या गडबडीत होतो. पण काही माणसं बोलली. संदीप पांडे आणि त्यांचे सोबती ११ मे १९९९ ला पोखरणहून पायी निघाले आणि ६ ऑगस्टला सारनाथला पोहोचले. ८८ दिवस, सुमारे १५०० किलोमीटर, आणि वाटेत असतानाच कारगिलचे युद्ध सुरू झाले. तशा दिवसांत गावोगाव थांबून शांततेचे बोलणे काय असेल, विचार करा. नौदलाचे माजी प्रमुख अ‍ॅडमिरल रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिले आणि भारत-पाकिस्तानच्या लोकांनी एकमेकांशी बोलावे म्हणून झटले. तेव्हा हे काम काही भित्र्या माणसांचे नव्हे.

आमची सुरुवात मात्र फजितीची. पहिल्या वर्षी चौकात सभा ठेवली. पाऊस होता. अकरा माणसं आली, त्यांतली सात आमचीच. पत्रक दोन पानी, शब्द असे जड की आम्हालाच वाचताना अडखळायला झाले. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत उरलेली पत्रके वाटली, तर तासाभरात त्यात भजी बांधलेली दिसली. (भजी आम्हीही खाल्ली.)

त्या सभेतून एक आबा मध्येच उठून गेले. महार रेजिमेंटमध्ये त्यांची हयात गेलेली. आमच्या पत्रकात सैनिकांना 'भाडोत्री' म्हटले होते. चूक आमची होती. ज्या समाजात फौजेच्या पगारावर पोरं शिकली, ज्या बाबासाहेबांचे वडील स्वतः सुभेदार होते, त्या समाजात हा शब्द लिहिणे म्हणजे आपल्याच घरावर दगड मारणे. आम्ही त्यांच्या घरी गेलो. आबा म्हणाले, "गोळी काय करते ते मला विचारा ना. मी येतो, बोलतो. पण आधी मेलेल्या जवानांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं." आमच्यात यावर भांडण झाले. दोघे मंडळ सोडून गेले, ते अजून परतले नाहीत. पण पुढच्या वर्षी आबा बोलले, आणि त्यांना ऐकायला बायका ओट्यावरून उठून आल्या.

तेव्हापासून आमची रीत बदलली. पत्रक अर्ध्या पानाचे, त्यात एकच प्रश्न. ते हातात कोंबायचे नाही, रविवारच्या वंदनेनंतर घरी जाऊन बसायचे, चहा घ्यायचा, समोरच्याचे ऐकायचे. हे काही आमचे डोके नाही. आपल्याच शहादा तालुक्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराज आणि सोबती पाड्यापाड्याने फिरले, शिबिरांतून उठलेल्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. ती माणसं पत्रक वाचून आलेली नव्हती. आणखी एक, परवानगीचा अर्ज आठ दिवस आधी टाका, लाउडस्पीकरसकट. ऐन वेळी धावपळ नको.

खरी परीक्षा २०२५ साली झाली. २२ एप्रिलला पहलगामला २६ निरपराध माणसं मारली गेली. ७ मेला लष्करी कारवाई सुरू झाली, १० मेला थांबली, आणि १२ मेला बुद्धपौर्णिमा होती. शांतीफेरी काढायची की नाही? "लोक देशद्रोही म्हणतील," एक म्हणाला. "मग पौर्णिमेला तरी काय बोलायचं?" दुसरा म्हणाला. रात्री एकपर्यंत बैठक चालली. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग दिला आहे, तोही निघाला. शांततेचे सारे मार्ग संपल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला तथागत दोष देत नाहीत. पण सारे मार्ग संपले की नाही, हे विचारायचे कुणी? ते आपणच विचारायचे, असे आमचे मत आहे.

शेवटी फेरी काढली नाही. ज्यांची मुलं सीमेवर होती त्या घरी जाऊन बसलो. एक माउली तीन दिवस फोनजवळून हलली नव्हती. ती एवढंच बोलली, "लढाईमा कोना पोरे मरतस, ते सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हते. फेरी न काढणे बरोबर होते की आम्ही कच खाल्ली, यावर आमच्यात आजही दोन मते आहेत.

या कामाने युद्ध थांबले का? नाही. पण अकराची साठ माणसं झाली, आणि ती माउली ऑगस्टच्या फेरीत पुढे चालली.

यंदाही ६ ऑगस्टला संध्याकाळी सहाला विहारात जमायचे आहे. १९४५ च्या त्या एका बॉम्बने वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली. सादाको नावाची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, दहा वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी करायची, तेच आपली मुलं करणार आहेत. तेव्हा आयाबायांनो, जुन्या वह्या रद्दीत देऊ नका, विहारात आणून ठेवा. कोरी पानं आम्ही फाडून घेऊ.

जयभीम, नमो बुद्धाय!