सामूहिक कार्य आणि सामायिक नोंद



कावेरीकाठच्या या तिरुवैयारु गावी संत त्यागराजांनी 1847 साली देह ठेवला. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक येथे त्यांच्या पंचरत्न कृती एकसुरात सादर करतात. या एकसुरामागे मोठा संघर्ष आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन गट वेगवेगळी आराधना करीत आणि स्त्रियांना तेथे गायनाची संधी नसे. म्हणून त्यागराजांचे समाधिमंदिर उभारणाऱ्या बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्त्रियांचा तिसरा गट स्थापन केला. 1940 च्या सुमारास तिन्ही गट एकत्र आले.

असे उत्सव पार पाडणाऱ्या कार्यकर्त्यांना आज नोशनसारखी डिजिटल कार्यस्थळे उपलब्ध आहेत. वेळापत्रक, कामांची वाटणी, इतिवृत्ते व हिशेब तेथे एकाच जागी राहतात. एखाद्या कलाकाराची वेळ बदलली, तर निवास, भोजन आणि मंच सांभाळणाऱ्या सर्वांना ती तत्काळ दिसते.

परंतु साधन आपोआप न्याय देत नाही. गायनाच्या संधीची यादी कोणी पाहावी व कोणी बदलावी, हे आधी ठरले पाहिजे. ती मोजक्यांच्याच हाती राहिली, तर जुनी गटबाजी नव्या पडद्यावर अवतरेल. संगणक न वापरणाऱ्यांसाठी तीच यादी छापून फलकावर लावावी. प्रत्येक कामास एक जबाबदार व्यक्ती, प्रत्येक निर्णयाची तारीखवार नोंद आणि ती पाहण्याचा सर्वांना समान अधिकार, ही पथ्ये पाळणाऱ्या संस्थेलाच नव्या तंत्रज्ञानाचा खरा लाभ होईल.