पांढरी शोधायची तर...

मराठीत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गाव वसलेल्या जागेला पांढरी. मातीच्या भिंती ढासळतात, चुलीची राख साचते, त्यावरच पुन्हा घरं उभी राहतात. शेकडो वर्षांत तिथे फिकट मातीचं टेकाड तयार होतं. गुजरातेत त्याला टींबो म्हणतात, हरियाणात थेह. घोड नदीकाठचं इनामगाव, प्रवरेकाठचं दायमाबाद ही अशीच ठिकाणं. आपल्या शेतकऱ्याने रंगावरून ओळखलेला हा फरक उपग्रहालाही दिसतो.

म्हणूनच हे शोधकाम आज घरच्या संगणकावरही सुरू करता येतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रंही मोफत मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद तुकडा. दोन हेक्टरचं टेकाड तिथे 200 ठिपके व्यापतं. चित्र मात्र शेतं मोकळी असतानाचं घ्यावं. उभ्या पिकात मातीचा रंग झाकला जातो.

पण माझ्या मते खरा खजिना जुन्या चित्रांत आहे. 1960 ते 1972 या काळात अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहांनी फिल्मवर छायाचित्रं घेतली. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली यायची आणि विमान ती हवेतच झेलायचं. 1995 साली ही 8 लाख 60 हजारांहून अधिक चित्रं खुली झाली. शोध होता क्षेपणास्त्रतळांचा. पण त्याच चित्रांत प्राचीन टेकाडंही टिपली गेली.

मी ते जुनं चित्र आजच्या चित्रावर बसवते, तेव्हा काही ठिकाणी जुन्यात फिकट गोल दिसतो आणि नव्यात सपाट शेत. पांढरीची माती खत म्हणून शेतात जाते, विटांसाठी जाते, वस्ती वाढताना टेकाड सपाट होतं. रवींद्रनाथ सिंह आणि कॅमेरॉन पेट्री यांच्या संशोधक गटाने वायव्य भारतात ब्रिटिशकालीन नकाशांवरची टेकाडंही अशीच शोधली आहेत.

मात्र पडद्यावर दिसतो तो फक्त संशय. फिकट डाग खारवट जमिनीचा असतो, बंद पडलेल्या वीटभट्टीचाही असतो. खात्री पायांनीच करावी लागते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "इथे पूर्वी काय होतं?" नांगरटीत खापरं निघतात का, ते बघा. फोटो काढा, जागेची नोंद करा. काही उकरू नका, उचलू नका. नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. चोर आपल्या आधी पोहोचतात. माहिती राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा.

ज्या जागेची कुठे नोंदच नाही, ती वाचवा असं कुणाला सांगणार? म्हणून आधी नोंद. तुमच्या तालुक्यापासून सुरुवात करा.