दादरचा वडा आणि आपली मराठी



सुटीत मुंबईला निघालेला इंदूरचा मराठी माणूस अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसतानाच दोन गोष्टी ठरवून ठेवतो. एक सिद्धिविनायकाचं दर्शन आणि दुसरी आपल्या ठरलेल्या उपाहारगृहाची फेरी. पुण्यापर्यंत जाणारे नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खाऊन येतात. आमच्या घरात दादरचं मामा काणे. १९१० सालापासूनचं ते नाव. आजोबा, वडील, मी आणि आता माझी मुलगी, अशा चार पिढ्यांनी तिथला बटाटेवडा खाल्ला.

यंदा आठ वर्षांनी गेलो. पूर्वी आत्याकडे उतरायचं आणि तिथून पायी वडा खायला जायचं, असा क्रम असे. आता आत्या नाही. तिची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. मुंबईत हक्कानं जावं असं एकही दार उरलं नाही. वडा समोर आला तेव्हा वाटलं, आता एवढं एकच दार ओळखीचं.

मुलीनं विचारलं, "दादा, अजून चटणी मिळेल का?" वाढणाऱ्या मुलानं उत्तर दिलं हिंदीत. मला जरा लागलं. इतक्या लांब आलो आणि इथेही हिंदीच! मुलीनं मात्र त्याला त्याचं गाव विचारलं. उत्तर प्रदेशातला होता. दोन वर्षांत घरी गेला नव्हता. बोलता बोलता चटणी जरा जास्तच वाढून गेला.

मित्रहो, मुंबईच्या खाणावळी चालल्या त्या घर सोडून आलेल्यांच्या जिवावर. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेल्या गड्यांना गिरणगावातल्या बायकांनी घरी रांधून जेवू घातलं. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. आपले पूर्वजही होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले, तेव्हा इथली बोली त्यांना परकीच होती. माळव्यानं त्यांना सामावून घेतलं. म्हणून आज आपण पोह्यांवर शेव, शेजारी जिलेबी, अशा थाटात मराठी बोलतो आहोत.

मग त्या पोरावर रागवायचं कशाला? तो राहील तसा मराठी शिकेल. आपली मुलं मराठी बोलतात की नाही, हे मात्र आपल्याच स्वयंपाकघरात ठरणार.

म्हणून सुटीत मुलांना त्या जुन्या ठिकाणी जरूर न्या. आजोबा काय मागवत, कुणाबरोबर येत, ते तिथेच बसून सांगा. आणि इंदूरला परतल्यावर रोज रात्री एक जेवण तरी मराठीत होऊ द्या. चाळ गेली, उद्या ते उपाहारगृह राहील की नाही, ते आपल्या हातात नाही. घरातलं ताट आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!