रोटरी की सहा सिलिंडर? माझदा आरएक्स-७ आणि टोयोटा सुप्रा

माझदा आरएक्स-७ची तिसरी पिढी डिसेंबर १९९१ मध्ये जपानच्या बाजारात आली. टोयोटा सुप्राची चौथी पिढी मे १९९३ मध्ये आली. जाणकार पहिलीला ‘एफडी’ म्हणतात, दुसरीला ‘ए८०’. दोन्हींत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, आरएक्स-७ च्या सर्व आणि सुप्राच्या वरच्या प्रकारांत दोन-दोन टर्बो, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. दोन्हींचे उत्पादनही एकाच महिन्यात, ऑगस्ट २००२ मध्ये, धुराचे नवे नियम आल्यावर थांबले. कागदावर या चुलत बहिणी वाटतात. बॉनेट उघडले की नाते संपते.

ताकदीच्या आकड्यांवरून या दोघींत निवड करता येत नाही, कारण ते आकडेच पुरते खरे नाहीत. १९८९ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी आपसांत एक अलिखित समझोता केला होता: २८० अश्वशक्तीच्या वरचा आकडा कोणीही जाहीर करायचा नाही. हा समझोता २००४ पर्यंत टिकला. टर्बो सुप्रा जपानमध्ये २८० ची म्हणून विकली जाई, तीच परदेशात ३२० च्या घरात. आरएक्स-७ ची सुरुवात २५५ पासून झाली, १९९६ मध्ये ती २६५ वर गेली आणि १९९९ मध्ये २८० वर. खरा फरक वजनात आहे. आरएक्स-७ साडेबाराशे ते तेराशे किलोंची, टर्बो सुप्रा पंधराशेच्या आसपास. तेही टोयोटाने वजन घटवण्यासाठी ॲल्युमिनियमचे बॉनेट, मॅग्नेशियमचे स्टीअरिंग आणि गालिच्यात पोकळ धागे वापरल्यानंतर.

निवड खऱ्या अर्थाने इंजिनांमध्ये करायची आहे, आणि त्यातले माझदाचे इंजिन आधी समजून घ्यावे लागते. रोटरी इंजिनात पिस्टन नसतो, व्हॉल्व्हही नसतात. कंबरेशी किंचित दबलेल्या लंबगोल घरात एक फुगीर त्रिकोण फिरतो. तो फिरताना त्याच्या तीन बाजूंवर पेट्रोल-हवा आत येणे, दाबली जाणे, पेटणे आणि बाहेर पडणे ही चारही कामे एकामागून एक होत राहतात. त्रिकोणाची एक फेरी होते तेव्हा मधल्या दांड्याच्या तीन फेऱ्या होतात. आरएक्स-७ मध्ये ६५४ सीसीचे असे दोन रोटर आहेत, म्हणजे एकूण १३०८ सीसी. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद निघते हे जपानच्या कर खात्यालाही पटले नसावे. तिथे रोटरीची क्षमता दीडपट धरून कर आकारतात. तो हिशेब १९६२ सीसी येतो, म्हणजे दोन लिटरच्या आत बसतो.

कल्पना मूळची जर्मन. फेलिक्स वांकेलची, एनएसयू कंपनीत वाढलेली. ती व्यवहारात टिकवली मात्र हिरोशिमाच्या माझदाने. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली सत्तेचाळीस तरुण अभियंत्यांचा गट त्यावर बसवला होता. त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या घराच्या भिंतीवर थरथरत आणि आत आडवे ओरखडे उठत. त्यांना कारखान्यात ‘सैतानाची नखे’ म्हणत. ती अडचण सुटल्यावर १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी आली. जून १९९१ मध्ये चार रोटरांच्या ७८७बी या गाडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एफडी दाखल झाली. जपानमध्ये सुरुवातीची काही वर्षे ती ‘आंफिनी’ या नाममुद्रेखाली विकली जाई, म्हणून जुन्या गाडीच्या नाकावर माझदाचे चिन्ह नसेल तर लगेच शंका घेण्याचे कारण नाही.

सैतानाची नखे गेली, पण पट्ट्या राहिल्या. त्यांना अपेक्स सील म्हणतात. एका रोटरला तीन, म्हणजे गाडीत सहा. पिस्टनच्या रिंगा जे काम करतात तेच त्या करतात, फक्त अधिक कठीण परिस्थितीत. त्यांना वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप इंजिनातलेच ऑइल थोडे-थोडे आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळते. म्हणजे रोटरी ऑइल पिते हा दोष नसून ती तिची रचना आहे. ज्यांच्या घरी एकेकाळी टू-स्ट्रोक स्कूटर होती आणि पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घेणे अंगवळणी पडले होते, त्यांना हे पटकन कळेल. कित्येक आरएक्स-७ मालक आजही टाकीत तसेच ऑइल मिसळतात. उलट, मोटारीत ऑइल घालावे लागणे म्हणजे इंजिन गेले अशी ज्याची समजूत आहे, तो ही गाडी एका वर्षात संपवतो.

दुसरा शत्रू उष्णता. रोटरीत स्फोट नेहमी घराच्या एकाच अंगाला होतो, दुसऱ्या अंगाने थंड हवा येत राहते. घर ॲल्युमिनियमचे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्या बिडाच्या. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि मधल्या कूलंटच्या सीलना ताण बसतो. एकदा गाडी तापली की पुढचे सगळे बिघाड तिथून सुरू होतात. त्यात दोन टर्बो एका मागोमाग एक चालवणारी यंत्रणा. कमी फेऱ्यांना पहिला टर्बो, साधारण साडेचार हजारांवर दुसरा त्याला येऊन मिळतो. हा खेळ व्हॅक्यूमच्या डझनावारी बारीक रबरी नळ्यांवर आणि सोलेनॉइडवर चालतो. तीस वर्षांच्या तापाने त्या नळ्या काडीसारख्या कडक होतात. एक निसटली की दुसरा टर्बो येतच नाही, किंवा भलत्या वेळी येतो. चुकीच्या दाबाने इंजिन नॉक झाले तर अपेक्स सीलचा तुकडा पडतो, तो एक्झॉस्टमधून टर्बोच्या पात्यांवर जातो, आणि एका मिनिटात दोन मोठी कामे निघतात.

सुप्राचे इंजिन याच्या अगदी उलट स्वभावाचे. नाव २जेझेड-जीटीई. एका ओळीत सहा सिलिंडर, २९९७ सीसी, बोअर ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ८६. ब्लॉक बिडाचा, जाड भिंतींचा. अभियंत्यांनी त्यात इतकी जागा शिल्लक ठेवली की नंतरच्या हौशी मेकॅनिकांनी मूळ ब्लॉकवरच कारखान्याच्या दुप्पट ताकद काढली. सुप्राची सगळी कीर्ती इथून आली आणि सुप्राचा सगळा धोकाही इथेच आहे. माझदाचे इंजिन निष्काळजीपणाने मरते. टोयोटाचे सहसा मरत नाही, म्हणूनच पूर्वीच्या मालकांनी त्यावर मन मानेल ते प्रयोग केलेले असतात. दोन टर्बो काढून एक मोठा बसवलेला, वायरिंग कापून जोडलेले, कंट्रोल युनिट बदललेले, ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल केलेली. टर्बो नसलेल्या २२५ अश्वशक्तीच्या साध्या सुप्रावर टर्बोचे इंजिन चढवून ती ‘आरझेड’ या टर्बो प्रकाराच्या नावाने विकण्याचे प्रकारही झाले आहेत. म्हणून इंजिनकडे बघण्याआधी चासिसची पाटी वाचावी. तिच्यावर मॉडेल, इंजिन आणि गिअरबॉक्सचे संकेत असतात, आणि ते गाडीत बसवलेल्या वस्तूंशी जुळले पाहिजेत. टर्बो सुप्राचा सहा गिअरचा गेट्राग गिअरबॉक्स हा तर स्वतःच एक दागिना आहे. तो मूळचा आहे की नाही यावर किंमत बदलते.

सुप्राची म्हातारपणाची दुखणी साधी आहेत. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर व्हॉल्व्ह स्टेम सील संपले. क्रँकच्या पुलीतले रबर सुटून पुली डगमगते. टायमिंग बेल्ट लाख किलोमीटरला बदलायचा. मागच्या वेळी कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असे धरून चालावे. यातले कोणतेही काम इंजिन पूर्ण खोलायला लावत नाही.

आरएक्स-७ बघायला जाताना एक चाचणी टाळता येत नाही. सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायचा नेहमीचा गेज एका रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगलीचाच आकडा दाखवतो आणि उरलेल्या दोन लपवतो. रोटरीसाठी वेगळा गेज मिळतो, जो तिन्ही बाजू स्वतंत्र नोंदवतो. तो नसेल तर साध्या गेजमधला व्हॉल्व्ह काढतात, प्लगच्या जागी तो बसवतात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात आणि काट्याकडे बघतात. काटा तीन-तीन उड्या घेतो. तिन्ही सारख्या असल्या तर ठीक. दोन उंच आणि एक बुटकी असेल तर इंजिन काम मागते आहे. ही चाचणी गरम इंजिनावर, दोन्ही रोटरांवर घ्यायची. विक्रेत्याने ‘आत्ताच फिरवून आणली’ म्हणून इंजिन बंद केले असेल तर उत्तमच. लगेच पुन्हा चालू करायला सांगावे. थकलेली रोटरी गरम असतानाच सुरू व्हायला कुरकुरते.

जपानमधून थेट घेताना गाडीऐवजी बहुधा लिलावाचा एक कागद हाती येतो. त्यावर गाडीचे वरून उलगडलेले रेखाचित्र असते आणि जागोजागी अक्षरे: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एक्सएक्स म्हणजे बदललेला भाग. वर कोपऱ्यात एकूण श्रेणी. साडेतीन किंवा चार श्रेणी असेल तर या वयाच्या गाडीला चांगली. ‘आर’ असेल तर सांगाड्याला मार लागून तो दुरुस्त झालेला आहे. हा कागद पत्र्याबद्दल पुष्कळ सांगतो; रोटरच्या आतले काही सांगत नाही.

रस्त्यावर दोघींचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो मोजमापांतही दिसतो. आरएक्स-७ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २४२५ मिलिमीटर, सुप्राचे २५५०. माझदाचे छोटे इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे, खाली बसते. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे. घाटाच्या वळणात ती चालकाच्या मनाआधी वळते, पण वळणाच्या मध्येच दुसरा टर्बो आला तर चालक कच्चा असून चालत नाही. सुप्रा लांब पल्ल्याची. ताशी दीडशेला ती जितकी शांत असते तितकी ऐंशीला आरएक्स-७ नसते.

२००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटात दोन्ही गाड्या होत्या, नारिंगी सुप्रा आणि लाल आरएक्स-७. पॉल वॉकरने चालवलेली ती सुप्रा जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. साध्या सुप्रांना ती किंमत येत नाही, पण मूळ स्थितीतली मॅन्युअल टर्बो आता सामान्य पगारदाराच्या हाताबाहेर आहे. आरएक्स-७ तुलनेने अजून खाली आहे. अपवाद शेवटच्या १५०० ‘स्पिरिट आर’ गाड्यांचा. सुट्या भागांची चिंता पूर्वीइतकी उरलेली नाही. दोन्ही कंपन्यांनी या मॉडेलांचे काही भाग नव्याने बनवायला घेतले आहेत.

भारतात यांपैकी एकही गाडी रीतसर जुनी म्हणून आणता येत नाही. जुन्या मोटारीच्या आयातीला नियमाने तीनच वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि ती आयातही फक्त मुंबई बंदरातून होऊ शकते. त्यामुळे हा निवडीचा प्रश्न लंडन, सिडनी किंवा ऑकलंडला राहणाऱ्या मराठी माणसापुढेच खरा उभा राहतो. तिथे रस्त्याची बाजू जपानचीच असल्याने उजव्या स्टीअरिंगची गाडी तशीच चालते.

घरात एकच गाडी असेल, तिनेच कामावर जायचे असेल आणि पैसे पुरत असतील, तर मूळ इंजिन, मूळ टर्बो आणि मूळ गिअरबॉक्स असलेली सुप्रा घ्यावी. तशी मिळत नसेल तर वाढवलेल्या ताकदीची घेण्यापेक्षा टर्बो नसलेली साधी सुप्रा बरी. रोजची गाडी दुसरी असेल आणि ही केवळ चालवण्याच्या आनंदासाठी हवी असेल, तर आरएक्स-७ घ्यावी. मात्र सहाही बाजूंचे कॉम्प्रेशन लिहून दिलेला कागद हातात असावा, आणि एका इंजिनच्या पूर्ण कामाचे पैसे खरेदीच्या दिवशीच वेगळे काढलेले असावेत.