रंग गेला, पाणी शुद्ध झाले काय?

(सुरत येथे मराठी भाषिक श्रोत्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांची मुळे खानदेशात आहेत. मुलताईला उगम पावून भुसावळमार्गे वाहणारी तापी या सुरतेजवळ समुद्रास मिळते, आणि त्याच वाटेने आलेली अनेक कुटुंबे लिंबायत, उधना भागांत स्थिरावली. येथील यंत्रमागांनी व रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी त्यांना रोजगार दिला. त्या गिरण्यांतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध करण्याच्या एका नव्या उपायाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि सहा कामगार मृत्युमुखी पडले. टाकाऊ रसायनाची विल्हेवाट हा कामगारांच्या जीविताचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

आता उपायाकडे वळू. १९७२ साली जपानमधील फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला असता पाण्याचे विघटन होते. १९७७ मध्ये याच पदार्थाच्या साह्याने पाण्यातील सायनाइडचा नाश करता येतो, असे अमेरिकेत आढळून आले. प्रकाश पडताच या ऑक्साइडातील इलेक्ट्रॉन उत्तेजित होतात व पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात. ही अतिक्रियाशील मूलके रंगाच्या रेणूंवर तुटून पडतात. ऑक्साइड मात्र खर्च होत नाही. म्हणून त्यास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

तथापि अडचण अशी की, ही भुकटी अत्यंत बारीक असते. पाण्यात मिसळल्यावर ती परत मिळविणे कठीण, आणि वाहून गेली तर तीच नवे प्रदूषण ठरते. येथे सेल्युलोज उपयोगी पडते. कापूस, उसाचे चिपाड, केळीचे खांब यांत ते विपुल असते. त्याच्या तंतूंवरील हायड्रॉक्सिल गट ऑक्साइडाचे कण धरून ठेवतात. अशा तंतूंचा पडदा किंवा गोळ्या पाण्यात ठेवाव्यात, काम होताच काढून घ्याव्यात आणि पुन्हा वापराव्यात. झिंक ऑक्साइडाचे स्फटिक शंभर अंशांखालील तापमानातही तंतूंवर तयार करता येतात. टिटॅनियमच्या बाबतीत नेहमीची भाजण्याची रीत चालत नाही, कारण सुमारे तीनशे अंशांस सेल्युलोज करपू लागते. म्हणून मंद उष्णतेच्या पद्धती योजाव्या लागतात.

एवढ्यावरून प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. टिटॅनियम डायऑक्साइड मुख्यतः जंबुपार किरणच वापरते, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात मिथिलीन ब्लूसारखा एखादा रंग घालून परीक्षा घेतात. गिरणीच्या पाण्यात मात्र क्षार, साबण, खळ आणि गडद रंग असतात. प्रकाश खोलवर पोहोचत नाही आणि क्षार मूलकांना निष्प्रभ करतात. आम्लयुक्त पाण्यात झिंक ऑक्साइड विरघळते. शिवाय ही मूलके कालांतराने सेल्युलोजलाही पोखरतात.

सर्वांत महत्त्वाचे हे की, रंग नाहीसा होणे म्हणजे प्रदूषण नाहीसे होणे नव्हे. रेणूचा रंग देणारा भाग तुटला की पाणी डोळ्यांना निर्मळ दिसते. परंतु उरलेले तुकडे कधी मूळ रंगाहूनही घातक असू शकतात. म्हणून अशा प्रत्येक उपायाची कसोटी रंगावर न घेता रासायनिक ऑक्सिजन मागणी, सेंद्रिय कार्बन आणि विषारीपणा यांवर घेतली पाहिजे.

तेव्हा या तंत्राचे स्थान शेवटच्या पायरीचे आहे. गाळ काढणे व जैविक प्रक्रिया यांनंतर जो अल्प पण चिवट अंश उरतो, त्यासाठी ते योजावे. सुरत महानगरपालिकेच्या बमरोली येथील दररोज ४ कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रातून शुद्ध केलेले सांडपाणी २०१४ पासून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविले जाऊ लागले. पुनर्वापराची अशी सोय जेथे आहे, तेथे या शेवटच्या पायरीचे मोल विशेष आहे.

मात्र जे पाणी रात्रीच्या अंधारात नाल्यात सोडले जाते, त्यावर प्रकाशाचा कोणताही उत्प्रेरक चालत नाही. प्रक्रिया केंद्रापर्यंत पाणी प्रामाणिकपणे पोहोचविणे ही पहिली पायरी आहे. ती कारखानदार, शासन आणि आपण सर्वांनी मिळून पाळावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.